सत्तर केव्ही

दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी
सूर्यावर काहीतरी तुटलं.
गंगावेशीत कुणाला कळलं नाही.
दूधकट्टा अजून रिकामा होता,
तालमीतली पोरं झोपलेली,
आणि आप्पांचा रेडिओ
शॉर्टवेव्हवरच्या कुठल्याशा दूरच्या स्टेशनासकट
पुटपुटत बंद पडला.
त्यांनी सेल काढून पायरीवर उन्हात मांडले.

मी सागरमाळापलीकडं, विद्यापीठातल्या खोलीत
पडद्यावर एक रेघ चढताना पाहत होते.
चाळीस सेकंद चढली,
मग दात पडलेल्या कंगव्यासारखी उतरली.

संध्याकाळी घरी आले. सेल अजून पायरीवरच.
"आप्पा, चुंबकी रेषांना पीळ पडतो तिथं,
चऱ्हाटासारखा, दिवस दिवस."
"सुंभ जळला तरी पीळ जात नाही."
"सूर्यावर उलटं हाय. पीळच सुटतो.
सुटला की इलेक्ट्रॉनांचा झोत खाली पळतो
उजेडाच्या निम्म्या वेगानं,
खालच्या दाट थरात घुसतो
आणि थांबता थांबता क्ष-किरण सोडतो."

"किती केव्ही?"

"पन्नास, सत्तर. कधी शंभराच्या वर."
आप्पांनी एक सेल उलटा केला.
"मनगटाला पन्नास. मांडीला सत्तर.
आमचंच आकडं की हे."

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर
आप्पांनी हेच केलं होतं:
काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन पळवायचे,
टंगस्टनवर आपटायचे.
शंभरातला एखादा वाटा किरण,
बाकी नुसती उष्णता.
"नळी तापायची. दोन पेशंटांत जरा दम द्यायला लागायचा तिला."
सूर्यावर तर हिशेब आणखी कंजूष,
लाखात एक.
उरलेलं सगळं जागच्या जागी तापण्यात जातं.

एकतीस वर्षांत आप्पा दोनच वाक्यं बोलले:
श्वास धरा.
सोडा.
घरीही फार वेगळं नव्हतं.
शर्टाच्या खिशाला बॅज, बोटांना हायपोचा वास,
जेवण, झोप.

मग निवृत्त झाले, आणि थांबल्यावर
त्यांच्यातून माणसं बाहेर पडू लागली.
चार आणे गिळलेला कागलचा पोरगा.
नथ गिळून "मी नाही" म्हणणारी करवीण.
आणि हिंदुराव मगदूम पैलवान,
तांबड्या मातीत खांद्यावर आपटलेला,
ताक, हळद, तेल मुरलेली ती माती
फिल्मच्या कडेला त्याच्या पाठीवरून सांडलेली,
हासळी दोन तुकडे,
आणि तरी विचारत होता,
"चीत झालो का ओ मी?
त्यात दिसतंय का?"

नोव्हेंबरात देवळात किरणं आधी पायांवर येतात,
मग दिवसागणिक वर.
आप्पा गर्दीत टाचा उचलून बघतात.
माझ्या रेघेतही तसंच:
आधी दोन पावलांशी कठीण किरण झळकतात,
मग तापलेला वायू वर चढतो,
सगळी कमान मऊ किरणांनी भरते.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
सांगितलं, तर उद्या अख्ख्या पेठेला माझ्या नावानं सांगतील.

"आणि एवढं आपटतंय वर,
तर बॅज कुणी लावलाय?"
"हवा अडवते, आप्पा. वरच्या वर.
तेवढ्यापुरती तिची वरची पट्टी बिघडते,
लांबून येणारा शॉर्टवेव्ह त्यात मुरतो..."

मी मधेच थांबले.
"रेडिओ किती वाजता गेला?"
"चहाच्या आधी. तीन-सव्वातीन.
सेल उतरलं होतं."

त्यांनी सेल पुसले, एकेक करून बसवले,
बटण फिरवलं.
खरखर, आणि मग ते दूरचं स्टेशन,
कुणीतरी कुठल्यातरी भाषेत हवामान सांगत होतं.
"बघ," आप्पा म्हणाले,
"उन्हानं भरलं."

मी तोंड उघडलं.
श्वास धरला.